राखेतली काच

आमच्या घरात न्हाणीतल्या चुलीची राख काढायचं काम पाहुण्याचं. पाहुणी म्हणजे मीच. कोकणकन्येने सकाळी कुडाळला उतरायचं, रिक्षाने घर गाठायचं, पायांवर पाणी घेऊन चहा प्यायचा की आई म्हणणार, "आता तेवढी राख काढ गो." आईचे गुडघे वाकत नाहीत, भावाला सकाळची घाई असते आणि वहिनीला राखेने शिंका येतात. मला हे काम मनापासून आवडतं. एका हातात करवंटी, दुसऱ्या हातात पत्र्याचा डबा. वरचा थर थंड, खालचा अजून कोमट. मधेच एखादा चुकार निखारा करवंटीत येतो नि डोळा उघडल्यासारखा लाल होतो. मुंबईच्या फ्लॅटमध्ये राख बघायला मिळते ती उदबत्तीची, तीही मुलगा लगेच टिश्यूने पुसून टाकतो.

गेल्या मेमध्ये करवंटी कशावर तरी खट्कन आपटली. आधी वाटलं खिळा असेल, नाहीतर चुलीच्या जांभ्याचा कपचा. बोटांनी उचललं आणि तर्जनीच्या पेरावर चर्रकन कापलं.

सुपारीपेक्षा मोठा, लिंबापेक्षा लहान असा एक गोळा होता. एका बाजूने राखाडी, जांभ्यासारखी भोकंभोकं असलेला. दुसऱ्या बाजूने फुटलेला, आणि तिथे चक्क काच. सोड्याच्या जुन्या बाटल्या असायच्या तशी, हिरवट. उजेडात धरली तर आत अडकलेले हवेचे फुगे दिसत होते, मोहरीएवढे आणि त्याहून बारीक. हातावर तोलला तर दगडापेक्षा हलका. आणि त्या काचेत एका जागी काळा धागा गोठला होता, केस अडकावा तसा. नीट बघितलं तेव्हा कळलं की तो सोडणाच्या काथ्याचा कोळसा आहे.

"काय गो, राखेत काय शोधतंस?" आईने विचारलं.

मी गोळा दाखवला. तिने चष्मा वर करून पाहिला. "माका काय ठावक? कोणी बाटली टाकली असतली. टाक भायर."

बाटली कोणी टाकली नव्हती. भावाला विचारलं, वहिनीला विचारलं, शेजारच्या पोरांनाही. आणि दुसऱ्या दिवशी राखेत आणखी दोन निघाले. लहान, पण तसेच.

मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. आहे हे सांगायची आता लाज वाटते, कारण त्यानंतरची तीस वर्षं मी एका बँकेत कर्जखाती सांभाळली. पण रसायनशाळेत आम्हाला एक अज्ञात पूड देत असत, पांढऱ्या कागदाच्या पुडीत, आणि ती काय आहे ते तीन तासांत ओळखायचं असे. त्या पुडीचं मला वेड होतं. इतक्या वर्षांनी तशी एक पुडी माझ्याच चुलीत आली होती आणि आई सांगत होती, टाक भायर.

आधी चुलीत काय जातं त्याची यादी केली. वर्षानुवर्षं जातं ते हे: नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्यांचे जाड देठ, काजूच्या वाळक्या फांद्या, कधी फणसाच्या ढलप्या. गेल्या वर्षभरात तीन गोष्टी नव्याने आल्या होत्या. एक, भाताच्या गिरणीतून भाऊ तूस आणायला लागला. फुकट मिळतं, पोत्याने. दोन, आईला फुंकणी फुंकताना धाप लागते म्हणून त्याने चुलीच्या तोंडाशी एक छोटा विजेचा ब्लोअर बसवला, रेग्युलेटरसकट. आणि तीन, नवीन गोठा बांधताना उरलेले लाकडाचे तुकडे. हे तुकडे मी पडवीच्या कोपऱ्यात पाहिले होते. सरळ कापलेले, जड, आणि कापलेल्या तोंडाशी हिरवट. ओल्या लाकडाचा हिरवा तो वेगळा. हा तांब्याच्या भांड्यावर चढतो त्या कळकासारखा.

हिरवं लाकूड, हिरवी काच. माझा संशय कुणावर गेला असेल ते सांगायला नको.

घरात प्रयोगशाळा नव्हती, पण कोकणातल्या स्वयंपाकघरात बरंच काही असतं. आधी लोहचुंबक. भाच्याच्या मोडक्या स्पीकरमधलं गोल चुंबक राखेतून फिरवलं तर त्याला दोन चुका, अर्धा खिळा आणि काळी बारीक रेव चिकटली. काचेचा गोळा जागचा हलला नाही. मग विळीच्या पात्याने ओरखडा काढून पाहिला. गोळ्यावर काही उमटलं नाही, आई मात्र विळीसाठी ओरडली. मग कोकमाचं आगळ. चमचाभर राखेवर आगळ ओतलं तेव्हा बारीक फसफस झाली आणि त्याचा तो सुंदर लाल रंग बघता बघता मळकट निळसर काळा पडला. फसफस म्हणजे कार्बोनेट. लाकडाच्या राखेचा मोठा हिस्सा कॅल्शियम कार्बोनेटचाच असतो, म्हणजे खडूचा सख्खा भाऊ. गोळ्यावर आगळ टाकलं तर ते नुसतं ओघळून गेलं.

सगळ्यात मजा आली हळदीला. राख रात्रभर पाण्यात भिजवली, सकाळी वरचं निवळ पाणी काढलं आणि त्यात चिमूटभर हळद टाकली. लालभडक. कुंकू करताना हळदीला चुना दाखवतात तेव्हा होतो तोच हा प्रकार. हळदीला क्षार लागला की ती लाल होते. राखेतला हा क्षार म्हणजे पोटॅशियम कार्बोनेट. आपल्या वैद्यांचा यवक्षार जवाच्या राखेतून याच रीतीने निघतो: राख भिजवायची, गाळायची, पाणी आटवायचं. अल्कली हा शब्दही अरबीतल्या राखेवरूनच आला. आणि १८०७ साली हम्फ्री डेव्हीने वितळलेल्या पोटॅशमधून वीज सोडून एक नवा धातू वेगळा केला तेव्हा त्याला नाव दिलं पोटॅशियम, मडक्यातल्या राखेवरून. हे सगळं मला परीक्षेपुरतं पाठ होतं. राखेने घासलेली भांडी का चकचकतात आणि भांडी घासणारीचे हात का फुटतात, या दोन्हींचं उत्तर त्याच एका रेणूत आहे हे मात्र तेव्हा कोणी जोडून दाखवलं नव्हतं.

तारेचं टोक ज्योतीत धरून रंग बघायची परीक्षाही केली. तांबं असेल तर ज्योत हिरवी व्हायला हवी. गोळ्याची पूड तारेवर घेतली, गॅस पेटवला, दिवे मालवले, सगळं घर गोळा झालं. ज्योत पिवळीधमक. मीठ. माझ्या बोटांचं मीठ, तारेचं मीठ, त्या ओट्यावर पन्नास वर्षं सांडलेलं मीठ. "झाली परीक्षा?" असं विचारून भाऊ झोपायला गेला.

मग राहिला एकच मार्ग, जो गावात कुठलीही बाई मला पहिल्याच दिवशी सांगू शकली असती: एकेक गोष्ट काढून बघायची. हिरव्या तोंडाचे तुकडे बाजूला ठेवले. दोन दिवस नुसती सोडणं आणि तूस, ब्लोअर पूर्ण वेगाने. चूल लोहाराच्या भात्यासारखी घोंघावत होती आणि हंडा दहा मिनिटांत कढत. राखेत चार गोळे. पुढचे दोन दिवस तेच जळण, पण ब्लोअर बंद, आईची जुनी फुंकणी माझ्या तोंडाला. राखेत करडी खरपुडी मिळाली, बोटाने दाबली की चुरा होणारी. काच नाही. मग ब्लोअर चालू, पण तूस नाही, नुसत्या काजूच्या फांद्या. भुरभुरीत पांढरी राख.

म्हणजे काच करायला तिघं लागत होते: तूस, सोडण आणि ब्लोअर. हिरव्या लाकडाचा तिच्याशी काही संबंध नव्हता.

तुसाचं गणित सोपं आहे. साधं लाकूड जाळलं तर शंभर किलोमागे किलोभर राख राहते, चांगल्या लाकडाची त्याहूनही कमी. शंभर किलो तूस जाळा, वीसेक किलो राख उरते. आणि ती जवळजवळ सगळी सिलिका, म्हणजे वाळूचंच रूप. भात हे गवतच. गवत जमिनीतून सिलिका ओढतं आणि पानाच्या कडेला, टरफलाला तिचं चिलखत करतं. लावणीनंतर शेतात उतरलेल्या माणसाला भाताच्या पात्याने पोटऱ्यांवर जे ओरखडे येतात ते या चिलखताचेच. नुसती सिलिका वितळायला सतराशे अंश लागतात, ते आमच्या न्हाणीत शक्य नाही. पण तिच्यात पोटॅश मिसळलं की ती हजाराच्या बरीच खाली पाघळते. सोडणाच्या राखेत पोटॅशला तोटा नाही. तुसाने वाळू दिली, सोडणाने खार दिला, ब्लोअरने आच दिली. हिरवा रंग आमच्या लाल मातीतल्या लोखंडाचा, चुलीच्या सारवणातून उतरलेला. मध्ययुगात जर्मनीकडच्या रानांतले काचवाले बीचच्या झाडाची राख आणि वाळू एकत्र वितळवून जी काच करत तीही हिरवीच निघे, वाळूतल्या लोखंडामुळे. रानकाच म्हणूनच ती ओळखली जाते. आमची ती न्हाणीकाच.

खात्रीसाठी शेवटची एक गंमत केली. गोळ्याचा तुकडा पाट्यावर वाटून पूड केली (पाटा नंतर तीनदा धुतला, आईने स्वतः उभं राहून धुवून घेतला) आणि ती पूड पाण्यात दोन दिवस ठेवली. त्या पाण्यात हळद टाकली तर हळूहळू, अगदी फिकट, पण लालसर झाली. काच पाण्यात थोडी थोडी सुटत होती. बाटलीची काच असती तर तिने एवढी दाद दिली नसती. पोटॅश भरमसाट झालं की काच अशी कच्ची राहते. मला तीस वर्षांनी प्रात्यक्षिकात पैकीच्या पैकी मिळाल्यासारखं वाटलं.

गवतातली ही सिलिका एकदा डोक्यात शिरली की मग सगळीकडे दिसायला लागते. वंशलोचन म्हणून आयुर्वेदाच्या दुकानात मिळतं, सितोपलादी चूर्णात पडतं, ते बांबूच्या पेरात साठलेली सिलिकाच. आमच्याकडे बांबू चुलीत घालत नाहीत. विचाराल तर सांगतात, तिरडीचं लाकूड, घरात जाळू नये. शिवाय बंद पेर आगीत फुटतं तेव्हा फटाका वाजावा तसा आवाज होऊन निखारे अंगावर येतात. दोन कारणांपैकी आधी कुठलं आलं असेल, यावर माझं मत आहे, पण ते आईसमोर बोलायची सोय नाही.

आणि त्यातूनच मला बुदिहाळ आठवलं. कर्नाटकात, कृष्णा आणि भीमेच्या मधल्या शोरापूरच्या भागात हे गाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे के. पद्दय्या यांनी तिथे १९९० च्या दशकात उत्खनन केलं. तिथे, आणि बेळ्ळारीपासून तेलंगणापर्यंत ठिकठिकाणी, राखेच्या टेकड्या आहेत. खरोखरच्या टेकड्या, माणसाच्या उंचीच्या कितीतरी पट. त्यांत थरच्या थर वितळून घट्ट झालेले, काचेसारखे, भोकाभोकांचे. पाहणाऱ्यांना कधी ते ज्वालामुखीचं काम वाटलं, कधी लोखंड गाळल्यावर उरणारा कीट. हंपीजवळ निंबापूरला अशीच एक राखेची रास आहे. गावकरी तिला वालीच्या चितेची राख म्हणतात. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच शेणाकडे बोट दाखवलं होतं. पुढे पुरातत्त्वज्ञ रेमंड ऑलचिन यांनी १९५७ मध्ये उत्नूरची रास खणली तेव्हा तिच्याखाली गुरांच्या वाड्यांचे लाकडी कूड उभे केल्याच्या खुणा निघाल्या, आणि गुरांच्या खुरांचे ठसे. चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीचे गुराखी वाड्यातलं शेण साठवत आणि मधूनमधून पेटवत. शेण म्हणजे काय, चघळलेलं गवत. म्हणजे पुन्हा सिलिका आणि पुन्हा क्षार. ढीग मोठा असला की आतल्या आत आच कोंडते, ब्लोअरची गरज लागत नाही.

वालीच्या चितेची गोष्ट वाचून हसू येत नाही. राखेत काहीतरी न जळलेलं दिसलं की माणूस त्याला नाव देणारच. बाबांच्या तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो तेव्हा भावाच्या हाताला एक सळी लागली. वीतभर लांब, एका टोकाला स्क्रू. सगळे क्षणभर गप्प झालो. मग काकांनी सांगितलं, "मांडीतली." बाबा काजूच्या झाडावरून पडले होते त्या वर्षी घातलेली. बारा वर्षं ती त्यांच्या आत होती, पावसाळ्यात ठणकायची, आणि आम्ही कोणी तिला पाहिलं नव्हतं. भटजींनी अस्थींबरोबर तिच्यावरही दूध-पाणी शिंपडलं. पण मडक्यात ती मावेना. नदीत टाकायची की नाही यावर थोडी कुजबुज झाली, आणि शेवटी भावाने ती खिशात घातली. ती अजून त्याच्या हत्यारांच्या पेटीत आहे, पान्यांच्या खाली.

तर, काच निर्दोष सुटली. आता राहिला हिरव्या तोंडाच्या लाकडाचा प्रश्न. खरं तर माझ्या लेखी तो संपला होता. ज्याच्यावर आळ घेतला तो निरपराध निघाल्यावर आपण त्याच्याशी जरा जास्तच गोड वागतो, तसं मी त्या लाकडाशी वागले. दोन दिवस काही विचारलंच नाही. मग एका संध्याकाळी भावाला सहज म्हटलं, हे लाकूड आणलंस कुठून?

जुन्या लाकडाच्या एका व्यापाऱ्याकडून. गोठ्याच्या वाशांसाठी. कुठल्याशा कारखान्याचा कुलिंग टॉवर, म्हणजे पाणी गार करायचा मनोरा, मोडला होता, त्याचं लाकूड. व्यापारी म्हणाला होता, "चाळीस वर्षं पाण्यात उभं होतं, तुमच्याकडे आणखी चाळीस काढील. वाळवी तोंड लावायची नाही."

वाळवी तोंड का लावणार नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि भावाने विचारलं नाही. मी विचारलं असतं का? नसतं. कोकणात ज्या लाकडाला वाळवी लागत नाही ते लाकूड देवाने पाठवलंय असंच समजतात.

१९३३ साली देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेत सोंती कामेसम या आपल्या शास्त्रज्ञाने लाकूड टिकवायचं एक मिश्रण शोधलं. तांबं बुरशीला मारतं, आर्सेनिक किड्यांना मारतं, आणि क्रोमियम या दोघांना लाकडाच्या धाग्यांत असं बांधून ठेवतं की पावसात ते सहजी धुऊन जात नाहीत. ॲस्क्यू हे त्याचं नाव, आर्सेनिक आणि कॉपरच्या चिन्हांवरून. सीसीए, म्हणजे क्रोमेटेड कॉपर आर्सेनेट, म्हणून ते जगभर गेलं. विजेचे खांब, रेल्वेचे स्लीपर, कुलिंग टॉवर, धक्के, परदेशात तर अंगणातल्या मुलांच्या झोपाळ्यापर्यंत. शोध मोठाच होता. कितीतरी जंगल त्याने वाचवलं असेल. अमेरिकेत घरगुती वापरासाठी ते २००३ च्या अखेरीला थांबलं. लाकूड उभं आहे तोवर हे तिघं बहुतांशी आपापल्या जागी असतात. जाळलं की लाकूड जातं, थोडं आर्सेनिक धुरातून जातं, आणि बाकीचं राखेत राहतं. मूठभर राखेत अख्ख्या वाशाचं.

मला हे एका जुन्या हकिकतीवरून माहीत होतं. विस्कॉन्सिनच्या ग्रामीण भागातलं आठ जणांचं कुटुंब. हिवाळा आला की घर आजारी पडायचं. केस गळायचे, पुरळ उठायचे, हातापायांत मुंग्या. अशी काही वर्षं गेली. शेवटी कारण सापडलं ते त्यांच्या लाकडाच्या शेगडीत: ते असंच प्रक्रिया केलेलं लाकूड जाळत होते आणि त्याची राख घरभर उडत होती. १९८४ मध्ये हे वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. हिवाळा संपला की माणसं बरी व्हायची, म्हणून कुणाला शेगडीचा संशय येत नव्हता.

मी उठून पडवीत गेले. आईचा राखेचा डबा कोनाड्यात होता. भांड्यांसाठी चाळून ठेवलेली राख, फेब्रुवारी-मार्चमधली, त्याच तुकड्यांची. झाकण काढलं. इतकी देखणी राख मी क्वचित पाहिली असेल. मऊ, सपीट, चाळणीत खडा न राहिलेली, फिक्या करड्या रंगाची. चिमटीत धरायला हात पुढे केला आणि तसाच थांबवला.

"ती राख बरी आसा," आई मागून म्हणाली. "भांडी बरी निघतत. वालींकय घातलंय."

वाली म्हणजे वालीच्या शेंगा, परसातल्या. त्याच्या बुडाला मावा येऊ नये म्हणून ती राख टाकते, तिच्या सासूबाई टाकत होत्या तशीच.

मी तिला सांगितलं. ती ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते भीतीचं नव्हतं, अपमानाचं होतं. साठ वर्षं तिने राखेशी व्यवहार केलाय. राखुंडीने दात घासले, राखेत बियाणं ठेवलं, ओल्या जमिनीवर राख टाकून निसरडं घालवलं, बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीची राख वेगळी आणि चुलीची वेगळी ठेवली. कुठली राख कशाला चालते ते तिला बोटांना कळतं. चिंचेची कडक, आंब्याची साधी, शेणीची भांड्यांना उत्तम. "राखेक काय धाड भरली?" ती म्हणाली. "राख ती राख."

आणि ते तिच्या काळी खरंच होतं, कारण चुलीत काय जातं ते तिला माहीत असायचं. आपल्याच परसातलं झाड, आपल्याच गोठ्यातलं शेण. राख ओळखायची म्हणजे लाकूड ओळखायचं. आता टेम्पोतून कुठल्या कारखान्याचं काय येईल आणि ते चुलीत सरपण म्हणून जाईल, त्याला कुणाची बोटं पुरी पडणार? माझ्या बी.एस्सी.चीही पडली नव्हती. मी आठवडाभर त्या निरुपद्रवी काचेच्या मागे लागले होते, कारण ती विचित्र दिसत होती. हा डबा रोज माझ्या हाताशी होता आणि मी त्याच राखेने दोनदा कढई घासली होती.

नमुना एका खाजगी प्रयोगशाळेत पाठवला. पंधरा दिवसांनी कागद आला, त्यात तिघंही होते: तांबं, क्रोमियम, आर्सेनिक. आकडे मी आईला वाचून दाखवले नाहीत. तिच्या आणि भावाच्या घरच्यांच्या तपासण्या केल्या, सुदैवाने त्यांत काही निघालं नाही. ते लाकूड चुलीत गेलं होतं तरी किती दिवस, मोजून पाच-सहा आठवडे. वालीचा वाफा वरच्या मातीसकट काढला. वाली त्या वर्षी खाल्ली नाही. व्यापाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, लाकूड वाशांसाठी विकलंय, चुलीत घाला असं मी कुठे सांगितलं? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही नाही. गोठ्याचे वासे तसेच आहेत. गुरं चाटणार नाहीत एवढ्या उंचीवर आहेत हे भावाने शिडी लावून मोजलं.

राख आणि काढलेली माती यांचं काय करायचं हे मात्र कोणाला सांगता येईना. नदीत नको, विहिरीपासून लांब पुरायची म्हटलं तर कोकणातल्या पावसात पाणी कुठून कुठे जातं ते कोण सांगणार? दोन-तीन कचेऱ्यांत विचारलं. एका ठिकाणी मला विचारण्यात आलं की तुमचा कारखाना कुठल्या वसाहतीत आहे. मी म्हटलं, न्हाणीत आहे. शेवटी रंगाच्या दोन रिकाम्या प्लास्टिकच्या डब्यांत ते सगळं भरलं, झाकणं टेपने बंद केली आणि मार्करने मोठ्या अक्षरांत लिहिलं: विष, हात लावू नये. डबे जिन्याखाली आहेत. उरलेले तुकडेही तिथेच, पोत्यात शिवलेले. दर खेपेला गेले की आधी ते बघते, टेप सुटली नाही ना. वहिनी म्हणते, आमच्या घरात देवघरानंतर तीच एक जागा आहे जिथे कोणी चपला ठेवत नाही.

काचेचे गोळे भाच्याने शाळेत नेले. वर्गात त्याने ते उल्का म्हणून दाखवले आणि बाईंनीही मान्य केलं म्हणे. मी त्याला खरं काय ते सांगून पाहिलं, पण एकदा आकाशातून पडलेली वस्तू पुन्हा न्हाणीत आणणं सोपं नसतं. एक मोठा गोळा माझ्याकडे मुंबईत आहे, खिडकीत. त्याच्यावर हल्ली पांढरट बुरी धरलीय. हवेतली वाफ पिऊन तो हळूहळू क्षार बाहेर टाकतोय; अजून चार पावसाळे गेले की त्याची चमक जाईल.

गेल्या रविवारी फोनवर मी आईला विचारलं, नवीन एखादा गोळा मिळाला का, मिळाला तर ठेव.

"नाय गो," ती म्हणाली. "फॅन आता एकावर ठेवतंय. लाईट बिल केवढा येता! तुझी काच बंद."

"आणि भांडी?"

"शेणी जाळतंय वायच, भांड्यांपुरत्यो. घरच्या म्हशीच्यो," ती म्हणाली, आणि मग मला ऐकू जावं म्हणून जरा मोठ्याने, "माका ठावक आसा ती काय खाता ता."